अकीक : बोटातला आणि पायाखालचा

आमच्या आजोबांच्या, म्हणजे घरात सर्वजण ज्यांना ‘दादा’ म्हणत त्यांच्या, उजव्या हाताच्या करंगळीत चांदीची एक अंगठी असे. तिच्यात तांबूस तपकिरी रंगाचा नगीना होता आणि त्या नगीन्यातून केसासारख्या बारीक पांढऱ्या रेषा एकीला एक लागून गेलेल्या होत्या. लहानपणी परळच्या चाळीत संध्याकाळी दिवे गेले की आम्ही दादांच्या मांडीवर बसून त्या रेषा बोटाने मोजायचो. कधी सात भरत, कधी नऊ. दादा लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. गिरणी, युनियन, रेशन यांविषयी ते फारसे बोलत नसत, पण अंगठीविषयी विचारले की त्यांचा चेहरा खुलत असे. “हा यमनी अकीक आहे. हाजीसाहेबांनी मक्केहून आणून दिलेला.” कोण हाजीसाहेब, कोणत्या साली, हे कोणी विचारले नाही. यमनी म्हटले की घरात त्या दगडाचा दर्जा ठरून जात असे.

दादा गेले, अंगठी वडिलांकडे आली आणि पुढे आमच्याकडे. मध्यंतरी नगीना कोंदणात हलू लागला म्हणून आम्ही ती महंमद अली रोडच्या बाजूला नगीने विकणाऱ्या एका वयस्कर कारागिराकडे नेली. त्याने डोळ्याला भिंग लावले, दगड उलटासुलटा केला, दिव्यासमोर धरला आणि सहज म्हणाला, “मास्टरसाब, ये यमनी-वमनी कुछ नहीं. खंबायत का माल है.” आम्ही गप्प बसलो. घरी येऊन दादीला सांगितले तर तिने दोन दिवस आमच्याशी बोलणे टाकले. मेलेल्या माणसाच्या वस्तूत खोट काढली, असे तिचे म्हणणे.

वस्तुतः नुसत्या नजरेने असा दगड कोणत्या डोंगरातला हे छातीठोकपणे सांगता येत नाही, हे आम्हाला पुढे वाचनातून कळले. कारागीर चुकला असेलही. पण त्या दोन दिवसांत एक प्रश्न मनात घर करून बसला. आपल्या बोटातला दगड आपल्याच मुलखातला निघाला तर आपल्याला कमीपणा का वाटावा? त्या प्रश्नापायी जे धुंडाळले ते येथे मांडत आहोत.

आधी शब्द पाहू. आमच्या वर्गातली मुले ‘अकीक’ आणि ‘अकीका’ यांत हमखास घोटाळा करतात. एकाने तर निबंधात लिहिले होते की भावाचा अकीक झाला आणि मोहल्ल्यात गोश्त वाटले. आम्ही हसलो, पण मूल अगदीच चुकले नव्हते. दोन्ही शब्दांचा अरबी धातू एकच, आणि त्याचा अर्थ चिरणे, कापणे. पुराच्या पाण्याने जमीन चिरून जी घळ पडते तिलाही अरबीत अकीक म्हणतात. मदिना शरीफच्या लगतची वादी-ए-अकीक ती हीच. आता दगडाचे पाहा. अरबीत तांबड्या, एकरंगी दगडाला अकीक म्हणत आणि पट्ट्यापट्ट्यांच्या दगडाला ‘जज़अ’. आपल्याकडे उर्दूत हा भेद थोडा पुसला गेला. पट्टेदार तो सुलेमानी, कलेजीच्या रंगाचा तो जिगरी, ज्याच्या पोटात झाडाझुडपांसारखी नक्षी दिसते तो शजरी, आणि सगळे मिळून अकीक. म्हणजे दादांचा नगीना काटेकोर बोलायचे तर सुलेमानी होता. त्यांना हे सांगितले असते तर त्यांनी आम्हाला चहा आणायला पिटाळले असते.

मराठीत या जातीच्या दगडांना खेड्यातला माणूस अकीक म्हणत नाही, गारगोटी म्हणतो. गारगोटीवर पोलाद आपटून ठिणगी पाडायच्या साधनाला चकमक म्हणतात, आणि हा चकमक शब्द तुर्की आहे. मराठी बखरीत दोन फौजांची चकमक उडते तेव्हा ती तुर्की ठिणगीच असते. असो.

हा दगड बनतो कसा, हे मुंबईकराला समजावून सांगायला फार दूर जावे लागत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वाहू लागला. एकदा नव्हे, पुन्हापुन्हा, थरावर थर. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर ते थर पसरलेले आहेत. सह्याद्रीचे कडे त्यांचेच, अजिंठा-वेरूळची लेणी त्यांतच खोदलेली, आणि मुंबईची बेटेही त्याच दगडावर उभी आहेत. मेट्रोची तिसरी मार्गिका गिरगाव, वरळी, दादरच्या पोटातून नेताना यंत्रांनी हाच काळा बेसाल्ट आणि त्याचे भाऊबंद खडक कोरले. वरळीला तर दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले होते. म्हणजे एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत तेथे तळी साचत होती आणि त्यांत बेडूक ओरडत होते.

लाव्हा थंड होताना त्यातले वायू निसटू पाहतात. जे निसटतात ते गेले. जे अडकतात त्यांचे बुडबुडे दगडात कायमचे राहतात, जशी नानच्या पिठात पोकळी राहते. पुढे हजारो-लाखो वर्षे त्या खडकातून पाणी झिरपते. खडकातली सिलिका, म्हणजे वाळू ज्या पदार्थाची बनते तोच पदार्थ, त्या पाण्यात विरघळते आणि पोकळीच्या भिंतीवर अतिसूक्ष्म तंतूंच्या रूपाने जमू लागते. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, बाहेरून आत. पाण्यात लोह असेल तर थर पिवळा, तांबडा, तपकिरी होतो, नसेल तर दुधी किंवा करडा राहतो. पोकळी पूर्ण भरली तर आतपर्यंत पट्टेच पट्टे. मध्ये जागा उरली तर तेथे स्फटिकांचे दात उगवतात. म्हणून अकीकाचा गोळा बाहेरून बटाट्यासारखा ओबडधोबड दिसतो आणि कापल्यावर आत झाडाच्या खोडासारखी वलये निघतात. वलयांचा आकार बहुधा त्या मूळ पोकळीचा असतो. दादांच्या नगीन्यातल्या सात किंवा नऊ रेषा म्हणजे एका बुडबुड्याची आतली भिंत होती.

पट्टे वेगवेगळे का पडतात, पाणी थांबून-थांबून आले म्हणून की आतल्या आतच पदार्थ आपोआप थरांत विभागला म्हणून, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. लीझेगांग नावाच्या जर्मन रसायनज्ञाने १९१५ साली अकीकावर ग्रंथच लिहिला. त्याआधी त्याने जिलेटिनच्या थरावर चांदीच्या क्षाराचा थेंब टाकून दाखवले होते की बाहेरून कोणी काही न करता वलये आपली आपण उमटतात. अकीकातही असेच काही घडले असावे असे त्याचे मत. ते सगळ्यांनी मानले नाही, पण खोडूनही पूर्ण निघाले नाही.

गुणधर्मांचे थोडक्यात सांगतो. मोज यांच्या काठिण्याच्या पट्टीवर हिरा १० धरला तर अकीक साडेसहा ते सात येतो. चाकूचे पाते त्यावर ओरखडा काढू शकत नाही, उलट अकीकाची धार काचेवर रेघ ओढते. ज्यांना दर्ग्याबाहेरच्या पथारीवरून नगीना घ्यायचा असेल त्यांनी जुन्या काचेचा तुकडा खिशात ठेवावा. प्लॅस्टिकची फसवणूक तेथेच उघडी पडते आणि काचेचीही बहुधा पडते. दुसरा गुण असा की हा दगड दिसायला घट्ट असला तरी त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात, आणि प्रत्येक पट्ट्यात ती सारखी नसतात. त्यामुळे तो रंग पितो, एक पट्टा जास्त, दुसरा कमी. जर्मनीतल्या ईडार-ओबरश्टाइन गावाने एकोणिसाव्या शतकात ब्राझीलहून कच्चा दगड आणून या रंगकामावर मोठा धंदा उभा केला. दगड साखरेच्या पाकात किंवा मधात मुरवायचा आणि मग गंधकाच्या तेजाबात टाकायचा. आत गेलेली साखर जळून कोळसा होते आणि पट्टा काळाभोर निघतो. आज बाजारात जे गडद निळे, गुलाबी, पोपटी पट्टेदार दगड दिसतात ते बहुतेक रंगवलेले असतात. ‘कुदरती है’ असे कोणी म्हणाले तर हसून पुढे जावे.

आता इतिहास. माणसाने हा दगड प्रथम दागिन्यासाठी उचलला नाही, कापण्यासाठी उचलला. धातू हाती येण्याआधी धार हवी तर गारगोटीच फोडावी लागे. मुंबईच्या परिसरात नौदलातील अधिकारी टॉड यांनी कांदिवली आणि किनाऱ्याच्या आसपास अशी दगडी हत्यारे वेचली आणि १९३९ व १९५० साली त्यांवर लेख प्रसिद्ध केले. नखाएवढी छोटी पाती, कोणी तरी मासे कापायला किंवा बाणाच्या टोकाला लावायला केलेली. मुंबईत चाळी, गिरण्या, मशिदी, देवळे यांपैकी काहीही नव्हते तेव्हाचा हा मुंबईकर.

पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८पासून जवळजवळ पंधरा वर्षे उत्खनन केले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांना तांबे ठाऊक होते, पण तांबे महाग. रोजच्या कामाला गारगोटीची पातीच होती. हे उत्खनन ज्यांनी केले त्यांत सांकळिया आणि ढवळीकर यांच्याबरोबर झेड. डी. अन्सारी होते. त्याआधी नेवाशाच्या उत्खननातही अन्सारी होतेच. महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्याचे घर मातीतून वर काढणाऱ्यांत एक अन्सारी होता, हे आमच्या उर्दू शाळेतल्या किती मुलांना माहीत आहे? खरे तर मुलांचे सोडा, शिक्षकांच्या खोलीत आम्ही विचारले तेव्हा एकालाही माहीत नव्हते. आम्हालाही या अंगठीच्या नादात कळले.

दागिना म्हणून अकीकाची कीर्ती सिंधू संस्कृतीने केली. तांबड्या अकीकाचे लांबलचक मणी, आणि त्यांना आरपार भोक. एवढ्या कठीण दगडाला एवढे सरळ भोक पाडायला दिवसचे दिवस लागत. कराचीजवळ अल्लाहदिनो येथे अशा ३६ लांब मण्यांचा एक कमरपट्टा सापडला. इराकमध्ये ऊर येथील राजघराण्याच्या कबरींत सिंधूकडचे तांबडे मणी निघाले. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वी येथला अकीक समुद्र ओलांडून अरबस्तानच्या पलीकडे जात होता.

मग येते पैठण. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ती ‘पेरिप्लस’ या नावाने ओळखली जाते. त्यात तो सांगतो की भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तेथून गाड्यांवर लादून, नीट रस्ते नसलेल्या मुलखातून, ओनिक्स दगड मोठ्या प्रमाणावर भडोचला येतो. ओनिक्स म्हणजे पट्टेदार अकीकच. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचे तेर. तेथून साधे कापड येते. कल्याण आणि सोपारा ही आपल्या शेजारची नावेही त्याच यादीत आहेत. पैठण म्हटले की आपल्याला पैठणी आठवते, एकनाथ महाराज आठवतात. पण रोमच्या बाजारात पैठणची ओळख बहुधा गोदावरीच्या खोऱ्यातल्या या पट्टेदार दगडाने होत असावी. पैठण, तेर, नेवासे, भोकरदन या सगळ्या ठिकाणच्या उत्खननांत अकीकाचे मणी सापडलेले आहेत.

दगड काढण्याचे आणि घडवण्याचे केंद्र पुढे गुजरातेत स्थिरावले. भडोच जिल्ह्यात झगडियाजवळ रतनपूरच्या टेकड्या आहेत. तेथला अकीक मुळात दख्खनच्या लाव्हातलाच, नद्यांनी खडकातून सोडवून गोट्यांच्या थरात आणून टाकलेला. त्याच टेकडीवर बाबा घोर यांची दरगाह आहे. बाबा घोर हबशी होते, आफ्रिकेतून आलेले. अकीकाचा धंदा त्यांनी वाढवला, दगड भाजून त्याचा रंग खुलवण्याची रीत त्यांनी शिकवली, अशी परंपरा सांगते. दरगाहची खिदमत आजही सिद्दी मंडळीच करतात. एका जातीच्या अकीकाला त्यांच्यावरून ‘बाबाघोरी’ नाव पडले. आम्हा कोकणी मुसलमानांना सिद्दी म्हटले की जंजिरा आठवतो, तोफा आठवतात, १६८९ साली मुंबईवर चालून आलेला सिद्दी याकूत आठवतो. मणी विकणारा, दगड भाजणारा सिद्दी आठवत नाही. तलवारीचा इतिहास लिहिला जातो, भट्टीचा लिहायला कोणी बसत नाही.

ती रीत अशी. खड्ड्यातून काढलेले गोटे महिनोन्‌महिने उन्हात सुकवतात. मग मडक्यात भरून शेणगोवऱ्यांच्या राखेत मंद आचेवर भाजतात. दगडातले पिवळसर लोह तापून लाल होते आणि मळकट गोटा तांबडालाल होऊन बाहेर येतो. आच जास्त झाली तर तडकतो, कमी झाली तर फिका राहतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकावर दगड टेकवून वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोड्याने हलके ठोके मारत त्याला आकार देतात. खंबायतच्या कारागिरांची ही पद्धत केनोयर, विदाले आणि कुलदीप भान या संशोधकांनी तेथे जाऊन, कारागिरांजवळ बसून नोंदवली. सिंधू काळचे मणी कसे घडले असतील हे पुस्तकात सापडेना, म्हणून ते जिवंत माणसांकडे विचारायला गेले.

पोर्तुगीज प्रवासी बार्बोसा याने सोळाव्या शतकाच्या आरंभी लिमोदऱ्याच्या खाणींचा आणि खंबायतच्या कारागिरांचा उल्लेख केला आहे. पुढे खंबायतची खाडी गाळाने भरत गेली, मोठी जहाजे येईनाशी झाली, व्यापार सुरतेला सरकला आणि नंतर मुंबईला. येथे आमचे शहर या गोष्टीत शिरते. १८१९ साली ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’च्या ग्रंथात कोपलंड यांनी भडोचजवळच्या अकीकाच्या खाणींचे वर्णन छापले. १८५१ साली मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात समर्स यांचा खंबायतच्या अकीक-व्यापारावरचा लेख आला. कॅम्पबेल यांच्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरने १८८०च्या खंडात सगळा धंदा तपशिलाने नोंदवला. खाण गुजरातेत आणि तिचे कागद फोर्टातल्या टाऊन हॉलच्या पांढऱ्या पायऱ्यांवर.

आणि माल मुंबई बंदरात. येथून तो चीनला जाई, युरोपला जाई, आणि अरबस्तानलाही जाई. जिद्दा, मक्का येथील बाजारांत हिंदुस्थानी अकीक विकला जात होता. आता वाचकांनीच विचार करावा. मुंबईहून हाजी जहाजाने जिद्द्याला उतरतो. उमरा-हज आटोपून मक्केच्या बाजारात घरच्यांसाठी काही घ्यावे म्हणून फिरतो. दुकानदार त्याला ‘यमनी’ अकीक दाखवतो. हाजी तो डोळ्यांना लावून घेतो, रुमालात बांधतो आणि पुन्हा मुंबईला आणतो. त्याच दगडाने वर्ष-दोन वर्षांपूर्वी त्याच बंदरातून, गोणीत पडून, उलटा प्रवास केलेला असू शकतो. दादांच्या नगीन्याचे असेच झाले असे आमचे म्हणणे नाही, पण व्हायला काही हरकत नव्हती. युरोपात शजरी अकीकाला ‘मोखा स्टोन’ म्हणत, यमनच्या मोखा बंदरावरून. दगडाला जन्मगावाऐवजी बंदराचे नाव चिकटले, असे व्यापारात नेहमीच होते.

यमनचा अकीक खोटा, असे यातून कोणी समजू नये. यमनच्या डोंगरातही उत्तम अकीक निघतो. तोही लाव्हातलाच, फक्त तेथला लाव्हा सुमारे ३ कोटी वर्षांचा, म्हणजे आपल्या निम्म्या वयाचा. भूगर्भाच्या हिशेबात धाकटा भाऊ म्हणा.

श्रद्धेचा भाग नाजूक आहे, पण टाळता येणार नाही. सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस यांची रिवायत आहे की हुजूर (स.) यांची अंगठी चांदीची होती आणि तिचा नगीना हबशी होता. इमाम नववी यांनी याचा अर्थ देताना लिहिले आहे की तो जज़अ किंवा अकीक असावा, कारण त्यांच्या खाणी हबश आणि यमनमध्ये आहेत. एवढे पक्के. मात्र ‘अकीक घाला म्हणजे बरकत होते, फकिरी दूर होते’ अशा ज्या रिवायती नगीनेवाले तोंडपाठ म्हणतात त्यांना इब्नुल जौझींसारख्या मुहद्दिसांनी बनावट ठरवले आहे. शिया बंधूंच्या परंपरेत अकीकाचे महत्त्व अधिक आहे, आणि तो त्यांच्या अकीदतीचा विषय आहे. आमचे एवढेच मत की दगडाने रोजी वाढत असती तर ते दगड घासणारा सर्वांत श्रीमंत असता.

अंगठीपलीकडेही या दगडाने पुष्कळ कामे केली. कठीण आणि गुळगुळीत असल्यामुळे त्यावर कोरलेली अक्षरे झिजत नाहीत आणि गरम लाख त्याला चिकटून राहत नाही, म्हणून मुहरेसाठी तो पसंतीचा. मोगल अंमलदारांच्या कित्येक मुहरा अकीकावर कोरलेल्या आहेत. हातकागद तयार झाला की त्यावर खळ देऊन गुळगुळीत दगड घासत, त्याला मुहरा फिरवणे म्हणत. त्याशिवाय बोरू अडखळतो आणि शाई फुटते. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्याच्या कारागिरांचा कागद दूरवर जाई. तेथले कागजी मुसलमान, आणि त्यांच्या दौलताबादी कागदावर मराठी दफ्तरातली मोडी लिहिली गेली. हकीमसाहेबांच्या दवाखान्यातला अकीकाचा खल आमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कुश्ता घोटताना खलाचा कण औषधात उतरू नये म्हणून तो लागे. आजच्या प्रयोगशाळांतही नमुने कुटायला अकीकाचाच खल वापरतात, कारण तोच.

आता जे लिहायचे ते लिहिताना हात जड होतो. खंबायतमध्ये अकीक सहाणेच्या चाकावर घासून त्याला रूप देतात. चाक विजेवर फिरते, घरातच, ओसरीवर. घासताना जी पांढरी धूळ उडते ती सिलिकाची असते, डोळ्यांना दिसणार नाही इतकी बारीक. ती श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाते आणि तेथेच राहते. फुप्फुस तिच्याभोवती गाठी बांधते, हळूहळू कडक होते. याला सिलिकोसिस म्हणतात आणि याला औषध नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कारागिरांची तपासणी करून हा रोग नोंदवला आहे. कारागीर हिंदूही आहेत, मुसलमानही. खोकला सुरू झाला की क्षय म्हणून औषध चालते. कधी क्षयही असतोच, कारण सिलिकाने पोखरलेल्या छातीत तो सहज शिरतो. घासणारा एकटा आजारी पडत नाही. त्याच खोलीत बायको स्वयंपाक करते, तेथेच मुले निजतात. काम घरात, म्हणून कारखान्याचा कायदा दारापर्यंत येत नाही. पाणी सोडत घासले, धूळ ओढून घेणारा पंखा लावला तर बराच बचाव होतो. पण त्याला पैसा लागतो, आणि मजुरी नगावर मिळते.

हे वाचताना आम्हाला खंबायत दिसले नाही, परळची चाळ दिसली. कार्डिंग खात्यात कापसाची धूळ असे. दादा सुटीनंतर सोमवारी कामावर गेले की संध्याकाळी छाती आवळल्यासारखी होते म्हणत, मंगळवारपासून कमी होई. गिरणगावात हे इतक्या जणांना होते की कोणी त्याला आजार म्हणत नसे. पुढे कळले की सोमवारची ही छाती म्हणजे कापसाच्या धुळीच्या रोगाची, बिसिनोसिसची, ठरलेली खूण आहे. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, गिरणी सुटली, खोकला सुटला नाही. रात्री ते उठून बसत, उजवा हात छातीवर ठेवत, आणि खिडकीतून येणाऱ्या रस्त्याच्या दिव्यात नगीना चमके. एका धुळीने भरलेल्या छातीवर दुसऱ्या धुळीतून निघालेला दगड. दादांना त्याचा घडवणारा ठाऊक नव्हता. घडवणाऱ्याला दादा ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. एकमेकांना भेटले असते तर दोघांनी आधी खोकल्याचे औषध विचारले असते.

दादीला आम्ही हे सगळे सांगितले नाही. फक्त इतके सांगितले की दगड खरा आहे, काचेवर रेघ ओढतो, आणि फार जुना आहे. “किती जुना?” तिने विचारले. आम्ही आकडा सांगितला. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “मग यमनी नसला तरी चालेल.”

या वर्षी विज्ञानाच्या तासाला आम्ही अंगठी वर्गात नेली. मुलांनी काचेवर रेघा ओढून पाहिल्या, रेषा मोजल्या, कोणी अकरा म्हणाले. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा परळ स्टेशनजवळ खोदकामाच्या ढिगाऱ्यातून खडीचा एक तुकडा घेऊन आला. काळ्या दगडात वाटाण्याएवढा पांढरा डोळा होता. त्याने तो टेबलावर ठेवला आणि विचारले, “सर, यह भी अकीक बन सकता था क्या?” आम्ही भिंग काढले.